कौशल्ये वाढवणारे फीट कसे निवडावे: डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात पात्र चौथ्या लेव्हलला पोहोचले की खेळाडूला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने महागडा निर्णय घ्यावा लागतो. एखाद्या क्षमतेत (ताकद, बुद्धी अशा सहांपैकी एकीत) दोन गुण वाढवावेत, दोन क्षमतांत एकेक गुण वाढवावा, की ही वाढ सोडून त्याऐवजी एखादे फीट, म्हणजे पात्राचा खास गुणविशेष, घ्यावा? लढाईसाठी फीट निवडणे त्या मानाने सोपे असते, कारण नुकसान किती वाढले हे लगेच मोजता येते. कौशल्यांच्या बाबतीत मात्र बहुतेक खेळाडू फीटचे वर्णन वाचून आणि नाव आवडून निवड करतात, आणि पुढे कितीतरी सत्रे त्या फीटचा उपयोगच झाला नाही अशी तक्रार करतात. ही निवडही मोजून करता येते, आणि ती तशीच करावी असे माझे ठाम मत आहे. येथे दिलेले सर्व आकडे २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काय बदलले, ते पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

हा निर्णय महाग का ठरतो, याचे कारण आवृत्त्यांच्या इतिहासात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात फीट नव्हतीच; ती २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. त्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलला आणि पुढे दर तिसऱ्या लेव्हलला एक फीट मिळत असे, आणि एकेका फीटचा लाभ छोटा असे, त्यामुळे एखादे वाया गेले तरी फारसे बिघडत नसे. पाचव्या आवृत्तीत फीट ऐच्छिक झाली, संख्येने कमी झाली, परिणामाने मोठी झाली आणि क्षमतावाढीच्या बदल्यात घ्यावी लागू लागली. बहुतेक क्लासना (पात्रांच्या पेशांना) अशी संधी ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलनाच मिळते. फायटरला ६ आणि १४ या लेव्हलना आणि रोग या चोरटेपणात तरबेज क्लासला १० व्या लेव्हलला जादा संधी मिळते. बहुतेक कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या सलग कथा, दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या आतच संपतात हे लक्षात घेतले, तर सर्वसाधारण पात्राच्या वाट्याला दोन, फार तर तीन संधी येतात.

पहिली पायरी: आपल्या रोलचे घटक वेगळे करून पाहा

कौशल्याचा रोल तीन भागांचा असतो: वीस बाजूंच्या फाशावर पडलेला आकडा, संबंधित क्षमतेचा मॉडिफायर, आणि त्या कौशल्यात प्रावीण्य असल्यास प्रोफिशियन्सी बोनस. क्षमतेच्या गुणांतून १० वजा करून उरलेल्याचे निम्मे केले आणि अपूर्णांक खाली उतरवला की मॉडिफायर मिळतो. त्यामुळे १६ आणि १७ या दोन्हींचा मॉडिफायर +३ च राहतो आणि १८ झाल्यावर तो +४ होतो. प्रोफिशियन्सी बोनस पहिल्या ते चौथ्या लेव्हलपर्यंत +२ असतो, पाचव्या लेव्हलला +३, नवव्या लेव्हलला +४, तेराव्या लेव्हलला +५ आणि सतराव्या लेव्हलला +६ होतो. एक्स्पर्टीज असेल तर हा बोनस दुप्पट धरला जातो.

या आकड्यांवरून तीन गोष्टी निघतात, आणि पुढची सारी निवड त्यांच्यावरच उभी आहे. पहिली अशी की प्रत्येक +१ मुळे यशाची शक्यता पाच टक्क्यांनी वाढते, कारण फाशाला वीस बाजू आहेत. दुसरी अशी की एक्स्पर्टीजचा लाभ पात्राबरोबर वाढत जातो: चौथ्या लेव्हलला त्याने दोनाचीच भर पडते, पण नवव्या लेव्हलला चाराची आणि सतराव्या लेव्हलला सहाची. तिसरी गोष्ट अनुभवी खेळाडूंच्याही नजरेतून सुटते. अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घेणे, कितीही मार्गांनी मिळाला तरी तो एकदाच लागू होतो. आकड्यांतला बोनस मात्र अ‍ॅडव्हान्टेजवर जसाच्या तसा चढतो. ज्या टेबलावर सोबती हेल्प कृती वापरून सहज अ‍ॅडव्हान्टेज देतात, तेथे अ‍ॅडव्हान्टेज देणाऱ्या फीटची किंमत बरीच कमी होते. प्रोफिशियन्सी किंवा एक्स्पर्टीज देणाऱ्या फीटचे असे होत नाही.

खेळातील अठरा कौशल्ये सहा क्षमतांत सारखी वाटलेली नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. स्ट्रेंग्थच्या वाट्याला एकटे अ‍ॅथलेटिक्स आहे, डेक्स्टेरिटीकडे तीन कौशल्ये आहेत, इंटेलिजन्स आणि विज्डमकडे प्रत्येकी पाच, कॅरिझ्माकडे चार, आणि कॉन्स्टिट्यूशनकडे एकही नाही. त्यामुळे ज्याची मुख्य क्षमता विज्डम आहे त्याने ती वाढवली की परसेप्शन, इन्साइट, मेडिसिन, सर्व्हायव्हल आणि अ‍ॅनिमल हँडलिंग ही पाचही कौशल्ये एकदम वर जातात. स्ट्रेंग्थवर चालणाऱ्या बार्बेरियनला तेवढ्याच वाढीतून एकच कौशल्य सुधारलेले दिसते.

दुसरी पायरी: टेबलावर प्रत्यक्षात कोणते रोल होतात, याची नोंद ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. चौथी लेव्हल येण्याआधीच्या काही सत्रांत कॅरॅक्टर शीटच्या मागे एक साधा तक्ता आखावा. कोणत्या कौशल्याचा रोल झाला, तो कोणी केला, डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) किती असावी असा अंदाज आला आणि रोल फसल्यावर काय झाले, एवढेच त्यात लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत बोलका ठरतो. दोन प्रकारचे अपयश दिसायला सारखेच असतात, पण त्यांचे वजन फार वेगळे असते. अवशेषांवरची जुनी मुद्रा ओळखण्यासाठी टाकलेला हिस्टरीचा रोल फसला तर गोष्टीचा एक तपशील कळत नाही आणि खेळ पुढे सरकतो. पहारेकऱ्याला पटवताना डिसेप्शनचा रोल फसला तर घंटा वाजते, दरवाजे बंद होतात आणि पुढचा दीड तास लढाईत जातो. फीट घ्यायचे ते दुसऱ्या प्रकारच्या रोलसाठी.

डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरशी, मोकळेपणाने बोलणे हाही या पायरीचाच भाग आहे. निदान दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही पॅसिव्ह परसेप्शनचा आकडा खरोखर वापरता, की प्रत्येक वेळी फासा टाकायला लावता? आणि एखाद्या कौशल्यात प्रावीण्य नसलेल्या पात्राला तुम्ही त्याचा रोल करू देता का? फासा न टाकता वापरायचा पॅसिव्ह आकडा म्हणजे १० अधिक त्या कौशल्याचा सगळा बोनस; अ‍ॅडव्हान्टेज असल्यास त्यात पाच मिळवतात. नियमपुस्तकात पॅसिव्हची तरतूद असली तरी अनेक डीएम ती विसरतात किंवा टाळतात, आणि तशा टेबलावर ऑब्झर्व्हंट या फीटचा सर्वांत मोठा लाभ जवळजवळ हरवतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर थोड्या थोड्या प्रावीण्यांचा साठा करणाऱ्या स्किल्ड या फीटला एकाएकी वजन येते.

तिसरी पायरी: एकट्याचा विचार सोडून गटाचा विचार करा

कौशल्यांचे रोल ढोबळमानाने तीन तऱ्हांचे असतात, आणि प्रत्येक तऱ्हेत फीटचा उपयोग वेगळा असतो.

पहिल्या तऱ्हेत गटातल्या सर्वांत कुशल माणसाने रोल केला की काम होते: दस्तऐवज वाचणे, जखम तपासणे, सरदाराशी बोलणी करणे. येथे गटात एकच तरबेज पात्र असावे आणि ते खूप तरबेज असावे. इंटेलिजन्स ८ असलेल्या चौथ्या लेव्हलच्या फायटरने स्किल्ड घेऊन आर्केना शिकले, तर त्याचा बोनस −१ वरून +१ वर जातो आणि डीसी १५ गाठण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येते. शेजारी बसलेल्या, इंटेलिजन्स १८ असलेल्या विझर्डला त्याच कामाची ६० टक्के शक्यता आहे. फायटरने काही मिळवले नाही असे नाही, पण गटाला त्यातून काही मिळाले नाही.

दुसरी तऱ्हा ग्रुप चेकची. सगळा गट लपतछपत पुढे जात असेल तर प्रत्येक जण स्टेल्थचा रोल करतो आणि निम्मे किंवा त्याहून अधिक जण यशस्वी झाले तर गट यशस्वी ठरतो. जो मुळातच उत्तम लपतो त्याने एक्स्पर्टीज आणखी वाढवून निकाल फारसा बदलत नाही. जे काठावर आहेत त्यांनी सुधारणा केली तर बदलतो. मध्यम चिलखत घालणाऱ्या पात्राला मिडियम आर्मर मास्टर हे फीट याच कारणाने आडमार्गाने कामास येते, कारण त्यामुळे त्या चिलखताचा स्टेल्थवरचा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणे) निघून जातो. मात्र गटात पास विदाउट ट्रेस हा मंत्र जाणणारा ड्रुइड किंवा रेंजर असेल, तर तो मंत्र सगळ्यांना स्टेल्थवर +१० देतो. मग स्टेल्थसाठी फीट खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

तिसऱ्या तऱ्हेत प्रत्येकाला आपापल्या जिवावर रोल करावा लागतो: कडा चढणे, पकडीतून सुटणे, घातपातात सावध असणे. येथे गटातला दुसरा कोणी तुमच्यासाठी काही करू शकत नाही, म्हणून परसेप्शन आणि अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स यांचे प्रावीण्य एकाहून अधिक पात्रांकडे असले तरी ते वाया जात नाही.

चौथी पायरी: फीट एकमेकांशेजारी ठेवून पाहा

२०२० साली पूरक नियमांतून आलेले स्किल एक्स्पर्ट हे कौशल्यांसाठीचे सर्वांत भरवशाचे फीट आहे. कोणत्याही एका क्षमतेत एक गुण, एका नव्या कौशल्यात प्रावीण्य, आणि आधीच प्रावीण्य असलेल्या एका कौशल्यात एक्स्पर्टीज, असे तिन्ही लाभ ते देते. क्षमतेत एक गुण देणाऱ्या फीटना खेळाडू हाफ-फीट म्हणतात. तुमची मुख्य क्षमता १५ किंवा १७ अशी विषम असेल, तर हाफ-फीट घेतल्याने मॉडिफायर वाढतोच आणि वर फीटचा लाभ जवळजवळ फुकट पदरात पडतो. म्हणूनच पात्र तयार करतानाच पुढे हाफ-फीट घ्यायचे ठरले असेल, तर मुख्य क्षमता मुद्दाम विषम ठेवावी. एक मर्यादा विसरू नये: या फीटची एक्स्पर्टीज कौशल्यालाच लागते, कुलपे उघडण्याच्या थीव्ह्ज टूल्ससारख्या अवजारांना लागत नाही.

प्रॉडिजी हे २०१७ चे फीट माणूस, हाफ-एल्फ किंवा हाफ-ऑर्क असलेल्या पात्रांनाच मिळते. एक कौशल्य, एक अवजार, एक भाषा आणि एका कौशल्यात एक्स्पर्टीज असे त्याचे स्वरूप आहे, पण क्षमतेतला गुण त्यात नाही. सर्व क्षमता सम आकड्यांवर असतील आणि भाषेची खरोखर गरज असेल तरच ते स्किल एक्स्पर्टच्या पुढे जाते.

स्किल्ड तीन कौशल्ये किंवा अवजारे शिकवते आणि बाकी काही देत नाही. सामान्य पात्रासाठी मी ते सुचवणार नाही. बार्डला तर ते आणखी महाग पडते, कारण दुसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या जॅक ऑफ ऑल ट्रेड्समुळे न शिकलेल्या कौशल्यातही त्याला अर्धा प्रोफिशियन्सी बोनस मिळतच असतो. चौथ्या लेव्हलला नवे प्रावीण्य म्हणजे त्याच्यासाठी +१ वरून +२ एवढाच फरक. परंतु अकराव्या लेव्हलच्या पुढच्या रोगची गोष्ट निराळी आहे. रिलायबल टॅलेंटमुळे प्रावीण्य असलेल्या कोणत्याही रोलवर फाशावर ९ किंवा कमी पडले तरी ते १० धरले जाते. बाराव्या लेव्हलला अशा रोगने, इंटेलिजन्सचा मॉडिफायर अवघा +१ असतानाही, स्किल्डमधून इन्व्हेस्टिगेशन घेतले, तर त्याची खालची मर्यादा १० अधिक १ अधिक ४ म्हणजे १५ होते. डीसी १५ चे काम त्याच्या हातून फसूच शकत नाही, आणि असे एकाच फीटमध्ये तीन कौशल्यांचे होते. हलके समजले जाणारे फीट योग्य क्लासच्या हाती किती पालटते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ऑब्झर्व्हंट इंटेलिजन्स किंवा विज्डममध्ये एक गुण देते, समोरच्याची भाषा येत असेल तर ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखू देते, आणि पॅसिव्ह परसेप्शन व पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशनवर +५ देते. प्रत्यक्ष टाकलेल्या रोलवर मात्र हे +५ लागत नाही.

अ‍ॅक्टर कॅरिझ्मामध्ये एक गुण देते, दुसरीच व्यक्ती असल्याची बतावणी करताना डिसेप्शन आणि परफॉर्मन्सवर अ‍ॅडव्हान्टेज देते, आणि निदान एक मिनिट ऐकलेल्या माणसाच्या आवाजाची नक्कल करू देते. शहरी कारस्थानांच्या कॅम्पेनमध्ये ते सोन्यासारखे आहे. जंगलात आणि गुहांत चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये त्याला संधीच मिळत नाही. डन्जन डेल्व्हर नेमके याच्या उलट आहे: गुप्त दारे शोधताना परसेप्शन आणि इन्व्हेस्टिगेशनवर अ‍ॅडव्हान्टेज आणि सापळ्यांपासून संरक्षण, पण शहरात फारसे काही नाही. कीन माइंडने इंटेलिजन्समध्ये एक गुण मिळतो आणि गेल्या महिन्याभरात पाहिले-ऐकलेले सारे बिनचूक आठवते. त्यात कौशल्यावर थेट बोनस नसला तरी तपासकथेत त्यामुळे कित्येक रोल टाळता येतात. स्कल्करसाठी डेक्स्टेरिटी १३ लागते आणि अंधूक जागीही लपण्याची मुभा मिळते, त्यामुळे ते स्टेल्थचा बोनस वाढवत नाही, स्टेल्थ वापरण्याच्या जागा वाढवते.

फीटशिवायचे मार्गही तपासून घ्यावेत. गटातल्या क्लेरिककडे गायडन्स हा कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारा साधा मंत्र) असेल तर लढाईबाहेरच्या बहुतेक रोलवर चार बाजूंच्या फाशाची, म्हणजे सरासरी अडीचाची, भर पडते आणि त्यासाठी स्पेल स्लॉट (मंत्रांचा मर्यादित साठा) खर्च होत नाही. तो कोणाकडेच नसेल, तर मॅजिक इनिशिएट घेऊन तो मिळवणे हा कित्येकदा सगळ्या गटाच्या कौशल्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

पाचवी पायरी: आपल्याच पात्राचे आकडे घालून हिशेब करा

चौथ्या लेव्हलची एक क्लेरिक घेऊ. तिचे विज्डम १७ आहे, परसेप्शनमध्ये प्रावीण्य आहे, आणि नोंदवहीत असे दिसले आहे की गटाचे सर्वाधिक नुकसान घातपातांमुळे झाले. सध्या तिचा परसेप्शनचा बोनस +३ आणि +२ मिळून +५, तर पॅसिव्ह परसेप्शन १५ आहे. डीसी १५ गाठण्याची शक्यता ५५ टक्के.

साधी क्षमतावाढ घेऊन तिने विज्डममध्ये एक आणि दुसऱ्या क्षमतेत एक गुण घातला, तर विज्डम १८ होते, बोनस +६, पॅसिव्ह १६ आणि शक्यता ६० टक्के. स्किल एक्स्पर्ट घेऊन विज्डम १८ केले आणि परसेप्शनला एक्स्पर्टीज दिली, तर बोनस +४ आणि दुप्पट +२ मिळून +८, पॅसिव्ह १८, शक्यता ७० टक्के. शिवाय एक नवे कौशल्य. ऑब्झर्व्हंट घेतले तर विज्डम १८ होऊन रोलचा बोनस +६ च राहतो, पण पॅसिव्ह थेट २१ वर जाते. स्किल्ड घेतले तर परसेप्शन जागचे हलत नाही आणि विज्डमही १७ वरच अडकते. हिशेबात मंत्रांची डीसीही (मंत्र टाळण्यासाठी समोरच्याला गाठावा लागणारा आकडा) धरावी: विज्डम १८ झाल्याने तिच्या मंत्रांची डीसी पहिल्या तिन्ही पर्यायांत एकाने वाढते, म्हणजे त्या बाबतीत हाफ-फीट घेऊन तिने काहीच गमावलेले नाही.

आता दबा धरून बसलेला गॉब्लिन समोर आणू. त्याचा स्टेल्थचा बोनस +६ आहे. त्याची बेरीज आपल्या पॅसिव्हहून कमी आली की तो निश्चित दिसला. पॅसिव्ह १५ असताना फाशावर ८ पर्यंत पडले तर तो पकडला जातो, म्हणजे वीसपैकी आठ वेळा. पॅसिव्ह १६ असताना नऊ वेळा, १८ असताना अकरा वेळा, आणि ऑब्झर्व्हंटच्या २१ समोर चौदा वेळा. आठ आणि चौदा यांच्यातले अंतर हे प्रत्यक्ष खेळात गटाने अचानक हल्ला सोसायचा की सावध राहायचे, एवढे मोठे अंतर आहे. डीएम पॅसिव्ह वापरत असतील तर या क्लेरिकने ऑब्झर्व्हंट घ्यावे, आणि दर वेळी फासा टाकायला लावत असतील तर स्किल एक्स्पर्ट. दुसऱ्या पायरीतला तो प्रश्न डीएमना आधीच विचारायला सांगितला, तो यासाठी.

लढाईत कौशल्य वापरणाऱ्या पात्राचा हिशेबही करून पाहावा. २०१४ च्या नियमांत एखाद्याला पकडून ठेवणे, म्हणजे ग्रॅपल, हा अ‍ॅथलेटिक्सचा रोल असतो आणि समोरचा अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सने प्रतिकार करतो. स्ट्रेंग्थ १७ असलेल्या बार्बेरियनने चौथ्या लेव्हलला स्किल एक्स्पर्ट घेऊन स्ट्रेंग्थ १८ केले आणि अ‍ॅथलेटिक्सला एक्स्पर्टीज दिली, तर त्याचा बोनस +८ होतो आणि पाचव्या लेव्हलला +१०. रेज, म्हणजे बार्बेरियनचा संतापाचा आवेश, चालू असताना स्ट्रेंग्थच्या रोलवर अ‍ॅडव्हान्टेज मिळतोच. समोरच्या ओगर या धिप्पाड राक्षसाकडे केवळ +४ असते. आकड्यांतला बोनस अ‍ॅडव्हान्टेजवर चढतो हे वर म्हटले, त्याचे हे सर्वांत ठळक रूप: दोन फाशांतला मोठा आकडा, त्यावर +१०. ओगर एका जागी खिळून राहतो आणि मागे उभ्या असलेल्या विझर्डपर्यंत पोहोचत नाही.

सहावी पायरी: फीट आणि पात्राचा स्वभाव एकमेकांना जोडा

कॅरॅक्टर शीटवर पार्श्वभूमीबरोबर स्वभावाच्या दोन लकबी, एक आदर्श, एक बंध आणि एक उणीव लिहायची असते. बरेच जण हे रकाने पहिल्या दिवशी भरतात आणि मग त्यांच्याकडे पाहतही नाहीत. त्यांचा कौशल्यांशी दोन प्रकारे थेट संबंध येतो. एक तर स्वभावाला धरून खेळल्याबद्दल डीएम इन्स्पिरेशन देऊ शकतात आणि ते खर्च करून कोणत्याही क्षमतेच्या रोलवर अ‍ॅडव्हान्टेज घेता येतो. दुसरे, आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे, असे की कौशल्य वापरण्याचा प्रसंग आपोआप येत नाही. पात्राच्या वागण्यातून तो आणावा लागतो.

अ‍ॅक्टर घेतलेल्या बार्डच्या शीटवर ‘मी धाडसी आहे’ असे लिहिले असेल तर त्याचा फीटला उपयोग नाही. त्याऐवजी ‘नव्या गावात गेलो की तिथल्या सर्वांत मोठ्या माणसाची चाल आणि बोलणे मी आधी उचलतो’ असे लिहिले, तर खेळाडू प्रत्येक गावात ते एक मिनिट ऐकण्याची सोय करून ठेवतो आणि तिसऱ्या सत्रात त्या नकलेचा उपयोग होतो. स्किल एक्स्पर्टमधून इन्साइटला एक्स्पर्टीज दिलेल्या पात्रासाठी ‘गोड बोलणाऱ्यावर माझा आधी संशय येतो’ ही लकब चालेल, कारण तिच्यामुळे डीएमलाही कळते की या पात्रापुढे खोटे बोलणारी माणसे आणली तर खेळ रंगेल. लकब लिहिताना तिच्यात कृती असावी. विशेषणावरून डीएमला काही सुचत नाही, सवयीवरून सुचते. उणीवही अशीच निवडावी: सगळे बारकाईने पाहणारे पात्र स्वतःवर कोणाची नजर पडली की अस्वस्थ होते, असे काहीसे. मराठीत खेळणाऱ्या गटांत नियमांचे शब्द इंग्रजीच राहतात, पण लकबी मराठीत लिहिल्या की त्या संवादात सहज उतरतात. निदान माझा आग्रह तरी तसा आहे.

२०२४ चे नियम वापरत असाल तर

सुधारित नियमांत फीट ऐच्छिक राहिलेली नाहीत. प्रत्येक पात्राला पार्श्वभूमीतून पहिल्याच लेव्हलला एक ओरिजिन फीट मिळते आणि स्किल्ड आता त्याच गटात आहे. क्षमतावाढ न सोडता ते मिळत असल्याने त्याच्याविरुद्ध वर मांडलेला मुख्य आक्षेप तेथे उरत नाही. चौथ्या लेव्हलपासून घेता येणारी सर्वसाधारण फीट आता क्षमतेत एक गुण देतात, त्यामुळे स्किल एक्स्पर्टचा हाफ-फीट म्हणून असलेला वरचष्मा कमी झाला आहे.

ऑब्झर्व्हंट पूर्ण बदलले आहे. पॅसिव्हवरचे +५ गेले. त्याऐवजी इन्साइट, इन्व्हेस्टिगेशन किंवा परसेप्शनपैकी एकात प्रावीण्य मिळते, ते आधीच असेल तर एक्स्पर्टीज मिळते, आणि शोध घेण्याची कृती बोनस अ‍ॅक्शन (त्याच खेपेत जादा मिळणारी छोटी कृती) म्हणून करता येते. कीन माइंड ज्ञानाच्या पाच कौशल्यांसाठी असेच काम करते. वरच्या उदाहरणातल्या क्लेरिकला या नियमांत ऑब्झर्व्हंटमधूनही परसेप्शनची एक्स्पर्टीज मिळेल, त्यामुळे नवे कौशल्य हवे की बोनस अ‍ॅक्शन, एवढाच प्रश्न उरतो. ग्रॅपल आता अ‍ॅथलेटिक्सच्या रोलने होत नाही, समोरचा सेव्हिंग थ्रो (संकट टाळण्यासाठीचा बचावाचा रोल) करतो. म्हणून बार्बेरियनचा वरचा डाव या नियमांत चालणार नाही आणि अ‍ॅथलेटिक्सची एक्स्पर्टीज पकडीतून सुटण्यापुरती आणि चढण्या-पोहण्यापुरती उरते. रोगचे रिलायबल टॅलेंट मात्र सातव्या लेव्हलवर आले आहे, त्यामुळे रोगसाठी जास्तीच्या प्रावीण्यांचे महत्त्व बरेच आधी सुरू होते.

निवड झाल्यावर

फीट घेतल्याबरोबर शीटवर तीन ठिकाणी बदल करावे लागतात आणि त्यातले निदान एक नेहमी राहून जाते. क्षमतेचा मॉडिफायर बदलला असेल तर त्या क्षमतेची सर्व कौशल्ये, सेव्हिंग थ्रो आणि मंत्रांची डीसी पुन्हा लिहावी. पॅसिव्ह परसेप्शन, आणि ऑब्झर्व्हंट असल्यास पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशनही, डीएमला लेखी द्यावे, कारण हे आकडे डीएमच्या पडद्यामागेच वापरले जातात. तेथे जुना आकडा राहिला तर फीट घेऊनही न घेतल्यासारखे होते. आणि एक्स्पर्टीज असलेल्या कौशल्यासमोर खूण करून ठेवावी: प्रोफिशियन्सी बोनस वाढेल त्या त्या लेव्हलला, म्हणजे ५, ९, १३ आणि १७ ला, इतर कौशल्ये एकाने वाढत असताना तेवढे एक दोनाने वाढवायचे असते.